पाच रकाने

पीएच.डी. करायला येणारी माणसं माझ्याकडे शीर्षक घेऊन यायची. प्रश्न कुणाकडेच नसायचा. 'उपनगरांतील महिला बचत गटांचे सक्षमीकरण : एक चिकित्सक अभ्यास.' मी विचारायचे, "बाई गं, यातलं तुला नक्की काय कळत नाहीये?" ती गोंधळून म्हणायची, "मॅडम, कळतंय सगळं. फक्त रेफरन्सेस मिळत नाहीयेत." बँकेतले एक गृहस्थ तर शीर्षकाच्या पाच प्रती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घेऊन आले होते. 'अभ्यास' या शब्दाआधी 'चिकित्सक' घालावं की 'विश्लेषणात्मक', एवढंच त्यांना विचारायचं होतं. आधी कळस मग पाया म्हणतात तो हा प्रकार.

घाटकोपरच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवत होते. शेवटची बारा-तेरा वर्षं दर शनिवारी पीएच.डी.च्या मुलांना संशोधनाचा आराखडा कसा करायचा ते शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. 'मुलं' आपलं म्हणायचं. पस्तिशी-चाळिशीची, नोकरी करणारी, डबा घेऊन येणारी माणसं होती ती. मुलुंडहून, बोरिवलीहून, अंधेरीहून यायची. आठवडाभर स्वतः वर्गात ओरडून दमलेली असायची आणि माझ्या वर्गात शेवटच्या बाकासाठी भांडायची. मी तापट आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. मी कुणाला रडवलं नाही असं म्हणणार नाही, पण नंतर चहा मीच पाजायचे.

त्यांच्यासाठी मी एक तक्ता तयार केला होता. त्यात पाच रकाने होते : प्रश्न काय, तो कशासाठी विचारायचा, माहिती कुणाकडे आहे, ती कशी गोळा करणार, आणि गोळा केल्यावर तिचं काय करणार. एक ओळ डावीकडून उजवीकडे बोट ठेवून वाचायची. बोट कुठे अडलं, तर आराखडा तिथे चुकला. एकीनं पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'लग्नानंतर सुना नोकरी का सोडतात?' आणि तिसऱ्यात, माहिती कुणाकडे, तर 'सासवांकडे'. वर्ग खो खो हसला, तीही हसली, आणि तिला जे कळायचं ते त्या क्षणी कळलं. स्टेशनजवळच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानाच्या माळ्यावर एक इसम आकडेमोड करून द्यायचा. त्याला संख्याशास्त्राच्या दोनच चाचण्या येत होत्या. त्यामुळे आमच्या अर्ध्या वर्गाची गृहीतकं त्या दोन चाचण्यांत बसतील अशी, तीही उत्तरं हाती आल्यावर लिहिलेली असायची. वरातीमागून घोडं. त्या इसमाला मी आमचे खरे कुलगुरू म्हणायचे.

तक्ता गाजला. व्हॉट्सॲपवरून कुठे कुठे फिरला. दुसऱ्या कॉलेजांतून कार्यशाळांची आमंत्रणं यायला लागली. हल्ली सत्काराला नारळाऐवजी रोपटं देतात, त्या रोपट्यांनी मुलुंडच्या माझ्या घराची गॅलरी भरली. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

त्या वर्गात ती आली. बोरिवलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे जूनमध्ये नेमणूक आणि मार्चमध्ये घरी, दर वर्षी नव्यानं अर्ज. पीएच.डी. झाली तरच कायम व्हायची शक्यता. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमनची नोकरी केली. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत ती वाढली. पुढे ती वस्ती पाडून तिथेच पुनर्वसनाच्या उंच इमारती झाल्या आणि तिच्या आईवडिलांना अकराव्या मजल्यावर घर मिळालं. स्वतः लग्न होऊन दहिसरला गेली होती.

शीर्षक न घेता आलेली ती एकटीच. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, आमच्या वस्तीतली म्हातारी माणसं वर राहायला गेल्यापासून खाली उतरतच नाहीत. का उतरत नाहीत, ते मला बघायचंय."

इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. पहिला रकाना आपल्या पायांनी चालत आला होता. पण विषयाला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती चार दिवसांवर होती, आणि त्या समितीत काय विचारतात ते मला पाठ होतं. मी म्हणाले, "हा विषय नाही. ही तक्रार आहे. समिती एका मिनिटात उडवून लावेल." मग तिच्यासमोरच, दहा मिनिटांत, मी शीर्षक लिहून दिलं : 'पुनर्वसित इमारतींतील रहिवाशांचे समाधान : एक समाजशास्त्रीय अभ्यास.' समाधान का? तर समाधान मोजायची तयार प्रश्नावली माझ्या कपाटात होती. 'पूर्ण समाधानी'पासून 'पूर्ण असमाधानी'पर्यंत पाच पर्याय. आधीच्या दोघांनी तीच वापरून पदव्या घेतल्या होत्या. चौथा रकाना तयार होता म्हणून मी पहिला बदलला. वर्गात हीच चूक कुणी केली असती तर मी त्याची सालटी काढली असती.

समितीनं शीर्षक विनातक्रार मान्य केलं. तिनं वाकून नमस्कार केला. "बघ, झालं की नाही?" मी म्हणाले. आमच्या धंद्यात एकदा मान्यतेच्या पत्रावर शीर्षक छापून आलं, की ते कपाळावर लिहिल्यासारखंच. पुढची सगळी वर्षं त्याच्याशीच संसार करायचा.

तासिकांच्या धावपळीत मधली काही वर्षं गेली. मग तिनं जवळजवळ वर्षभर इमारतींमधून फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि एका सोमवारी दोन पिशव्या घेऊन माझ्या खोलीत आली. माझ्या खोलीची खिडकी तेव्हा उघडता येत नसे. शेजारच्या प्लॉटवर टॉवर उभा राहत होता आणि त्याचं हिरवं कापड आमच्या गजांना लागायचं. मी गठ्ठा सोडला. समाधानी, पूर्ण समाधानी, समाधानी, पूर्ण समाधानी. "झकास!" मी म्हणाले. "इतका स्वच्छ डेटा मी कधी बघितला नाही."

"मॅडम, समासात बघा ना," ती म्हणाली.

समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात काहीबाही लिहिलेलं होतं. 'गणपतीनंतर नाही.' 'मुलगी आली की.' 'दवाखान्यात नेलं तेव्हा.' 'लिफ्टची भीती वाटते.' 'खाली बसायला जागा कुठे आहे?' 'कुणाकडे जाऊ?' प्रश्नावली संपली, की उठता उठता ती आपला एक प्रश्न विचारायची : शेवटचं खाली कधी उतरलात? त्याची ही उत्तरं होती. प्रत्येक कागदावर होती.

"सोसायटीचा सेक्रेटरी माझ्याबरोबर फिरायचा," ती म्हणाली. "त्याच्यासमोर असमाधानी कोण म्हणणार? आणि तो नसता तरी म्हणाले नसते. घर मिळालंय ना. मॅडम, माझं सगळं जुळतंय. पण खोटं आहे."

मी तिला म्हणाले, समासातल्या मजकुराला डेटा म्हणत नाहीत. ती म्हणाली, "तुम्ही एकदा येऊन बघा." मी गेले. भर दुपारी गेलो आम्ही. दोनपैकी एका लिफ्टच्या दाराला पुठ्ठा लावलेला होता. दुसरीसाठी बराच वेळ उभे राहिलो. अकराव्या मजल्यावर लांबलचक पॅसेज, भर दुपारी ट्यूबलाइट चालू, आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर बंद दारं. टीव्हीचे आवाज येत होते, माणूस दिसत नव्हता. "खाली असताना रात्री झोपेपर्यंत कुणाचंच दार बंद नसायचं," ती म्हणाली.

तिचे वडील खिडकीपाशी खाटेवर बसले होते. धुतलेला सदरा, दाढी केलेली. मी यायची म्हणून तयार होऊन बसले असावेत. खिडकीतून दुसऱ्या विंगच्या खिडक्या दिसत होत्या, बाकी काही नाही. त्यांनी मला नमस्कार केला आणि मी काही विचारायच्या आधीच उत्तर देऊन टाकलं.

"माका काय कमी हा? पाणी घरात, संडास घरात. लिवा, समाधानी लिवा."

मी विचारलं, "शेवटचं खाली कधी उतरलात?"

त्यांनी आधी मुलीकडे बघितलं. "गणपतीक. तेच्यानंतर नाय."

"का हो?"

"कित्या उतरू? खाली कोण हा?"

तिची आई चहा घेऊन आली. "पूर्वी दिवसभर दारात बसायचे," ती म्हणाली. "नळावर जाणारा, कामाला जाणारा, प्रत्येक जण दोन शब्द बोलून जायचा. आता मी सांगते, जरा जाऊन या. तर म्हणतात, जाऊन काय करू?" मग वडिलांनी मला विचारलं, "तुमी खंय रवतास?" मुलुंडला, मी सांगितलं. "कितव्या मजल्यार?" दुसऱ्या. "मगे बरा हा," ते म्हणाले आणि परत खिडकीकडे वळले.

निघताना लिफ्ट येईना. मी त्या पॅसेजमध्ये दहा-बारा मिनिटं उभी होते आणि मला धाप लागली. उगीच, काहीही कारण नसताना, छातीत कोंडल्यासारखं झालं. तिला मी म्हणाले, बीपीची गोळी विसरले. गोळी मी सकाळी घेतली होती.

रिक्षात बसल्यावर तिनं विषय काढला. "मॅडम, टायटल बदलूया ना. समासातल्या उत्तरांवरच करूया. माझा प्रश्न पहिल्यापासून तोच होता."

दुसऱ्या दिवशी मी तिला समोर बसवून सगळं समजावलं. मी सांगितलं त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. शीर्षक बदलायचं तर परत समिती. समितीची बैठक कधी लागेल, कुणी सांगू शकत नाही. शीर्षक इतकं बदललं, की पुन्हा किमान वर्षभर काम केल्याचं दाखवावं लागतं. तिची नोंदणी सात महिन्यांत संपत होती आणि मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. नोंदणी गेली, तर पुन्हा प्रवेश परीक्षेपासून सुरुवात. तिच्या कॉलेजात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कायम जागा निघायची होती, आणि तिथे 'प्रबंध सादर केला आहे' एवढं तरी दाखवणं भाग होतं. मी, तिची गाइड, स्वतः पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. दुसरा गाइड तिला घेईल की नाही, देव जाणे.

एक गोष्ट मी सांगितली नाही. मला समितीपुढे जायचं नव्हतं. जिच्या तक्त्याचे धडे गावोगाव दिले जातात, तिनं आपल्याच विद्यार्थिनीचा प्रश्न मोडून तिथे तयार प्रश्नावली बसवली, हे त्या गोल टेबलाभोवतीच्या माणसांना माझ्या तोंडून ऐकायला मिळणार होतं. त्यांच्यातल्या दोघांना मी वर्गात शिकवलं होतं. नोकरीची, मुदतीची, नियमांची कारणं खरी होती, म्हणून त्यांच्याआड मला नीट लपता आलं.

ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "पण मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, आधी प्रश्न."

माझा आवाज चढला. "तुला डॉक्टर व्हायचंय की समाजसेवा करायचीय? घरात नवरा काय म्हणतो ते विचार आधी! आणखी तीन वर्षं चालेल का त्याला, विचार!" बाहेर शिपाई टेबल पुसत होता, तो थांबला. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मी चहा मागवला असता. खाली बघून तिनं पेनचं टोपण दोन-तीनदा लावलं, काढलं.

"मग समासातलं काय करू?" तिनं विचारलं.

"मर्यादांच्या प्रकरणात घाल. एक परिच्छेद."

तिनं दोन पानं लिहून आणली. चांगली लिहिली होती, सबंध प्रबंधात तेवढीच वाचावीशी वाटत होती. मी त्याचा एक परिच्छेद केला. पुढच्या खेपेला मला वाटलं, बाहेरचा परीक्षक नेमकं यावरच बोट ठेवेल, म्हणून परिच्छेदाच्या तीन ओळी केल्या. शेवटी छापलं गेलं ते एवढंच : 'प्रस्तुत अभ्यासात रहिवाशांच्या वावराच्या सवयींचा विचार केलेला नाही.' सवयी हा शब्द माझा.

दर पंधरा दिवसांनी ती एकेक प्रकरण आणायची. निष्कर्षात लिहायचं होतं, की सर्व वयोगटांत ज्येष्ठ नागरिक सर्वाधिक समाधानी आहेत. "असंच लिहू?" तिनं विचारलं. "आकडे सांगतात ते लिहायचं," मी म्हणाले. "ठीक आहे, मॅडम." त्या काही महिन्यांत तिच्या तोंडून एवढेच शब्द निघायचे. मला वाटायचं, हिनं एकदा तरी भांडावं. आणखी एकदा नाही म्हणाली असती, तर मी समितीकडे गेले असते, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण नाही म्हणायची जागा मीच तिला ठेवली नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाजवळ बोलणार?

शनिवारचा वर्ग चालूच होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान. फळ्यावर पाच रकाने काढायचे, ओळीवरून बोट फिरवायचे, कुणाचं अडलं की बोलायचे. पण आवाजात दम राहिला नव्हता, माझं मलाच कळत होतं. एका शनिवारी अंधेरीच्या एका विद्यार्थ्यानं विचारलं, "मॅडम, तक्ता बरोबर आहे, पण फील्डवर गेल्यावर वेगळंच निघालं तर?" वर्गातले सगळे वही उघडून माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, आधी चहा घेऊन या. चहानंतर मी दुसराच विषय सुरू केला आणि त्यानंही परत विचारलं नाही.

प्रबंध मुदतीच्या आठवडाभर आधी सादर झाला. तेवढ्याच्या जोरावर मुलाखतीला बोलावणं आलं, निवड झाली, आणि पुढच्या हिवाळ्यात व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, ठरली. आमच्याकडे व्हायवा उघड असते, घरचेही येतात. सेमिनार हॉलमध्ये तिची आई जरीची साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती. नवरा पेढ्यांचे बॉक्स सांभाळत होता. वडील आले नव्हते. "त्यांना म्हटलं, पोरगी डॉक्टर होणार, चला," तिची आई मला म्हणाली. "कपडेसुद्धा घातले होते. दारापर्यंत आले आणि परत जाऊन बसले."

बाहेरून आलेले परीक्षक सत्तरीच्या आसपासचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी प्रबंधाची पानं उलटत स्तुती केली. इतका सुसंगत आराखडा हल्ली बघायला मिळत नाही, म्हणाले. प्रश्न, उद्दिष्टं, साधनं, निष्कर्ष, सगळं कसं एका ओळीत. गाइडचंही अभिनंदन केलं. मी मान डोलावली. मग त्यांनी प्रबंध मिटला, चष्मा काढला आणि तिला घरच्यासारखं विचारलं, "मॅडम, वर्षभर तुम्ही तिथे घरोघर फिरलात. असं काही दिसलं का, की ज्यानं तुम्ही स्वतः चकित झालात?"

हॉलमध्ये पंखे फिरत होते. सांग, मी मनात म्हणत होते, आता सांग, आता तुझं कुणी काही काढून घेऊ शकत नाही. तिनं आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. समितीतले माझे ते दोन जुने विद्यार्थी पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी बसले होते. मी समोरच्या कागदाकडे बघितलं.

"नाही, सर," ती म्हणाली. "सगळं अपेक्षेप्रमाणेच मिळालं."

परीक्षक हसले. टाळ्या झाल्या. पेढे वाटले गेले, फोटो झाले, तिच्या आईनं माझे हात हातात घेतले. गर्दी पांगल्यावर ती बाहेर व्हरांड्यात माझ्याकडे आली. वाकायला लागली तसं मी तिचे दोन्ही खांदे धरून तिला वर केलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलीसारखी ती माझ्याकडे बघत होती.

"मॅडम," तिनं हळूच विचारलं, "मी बरोबर बोलले ना?"

"हो," मी म्हणाले. "अगदी बरोबर."